शेवटच्या राउंडला समोर नवरा

दुकानातल्या टीव्हीवर शेवटच्या राउंडच्या जोड्या लागल्या, आणि माझ्या नावासमोर माझ्या नवऱ्याचं नाव आलं.

क्षणभर वाटलं, मी भलतीच ओळ वाचतेय. मग मागून कुणीतरी "ओहोहो" केलं, कुणी शिट्टी वाजवली, आणि सगळी पोरं वळून आमच्याकडे बघायला लागली. नवरा खिडकीपाशी उभा राहून पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होता. त्यानं टीव्हीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि परत झाकण फिरवायला लागला. ते केव्हाच घट्ट बसलं होतं.

पिंपळे सौदागरमध्ये एका केकच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर, हे कार्डांचं दुकान आहे. भिंतींना काचेची कपाटं, मध्ये लांब टेबलं, आणि रविवारी तिथं स्पर्धा चालतात. पत्ते म्हटलं की आपल्याकडे रमी नाहीतर तीन पत्ती डोळ्यांसमोर येते, म्हणून सांगते. यात प्रत्येक जण स्वतःचा गठ्ठा घरून घेऊन येतो. पाकिटं विकत घेऊन, कुणाशी अदलाबदल करून, शेकडो वेगवेगळ्या कार्डांमधून निवडून निवडून तो गठ्ठा बांधायचा. त्याला डेक म्हणतात. कार्डांवर प्राणी असतात, मंत्र असतात, हत्यारं असतात. दोघांनाही सुरुवातीला सारखाच जीव मिळतो आणि समोरच्याचा जीव आधी संपवेल तो जिंकतो. एका मॅचचे तीन डाव. दोन जिंकले की मॅच तुमची.

त्या रविवारची स्पर्धा नेहमीसारखी नव्हती. जिंकणाऱ्याला दुकानातर्फे बेंगळुरूच्या मोठ्या स्पर्धेला पाठवणार होते. त्यासाठी आधी पहिल्या चारांत यायचं, मग बाद फेरी. आम्ही दोघंही सकाळपासून बरे खेळलो होतो, दोघंही एकेक मॅच हरलो होतो. म्हणजे हिशेब सरळ होता. आमच्यातला जो जिंकेल तो पहिल्या चारांत. जो हरेल तो घरी. आणि बरोबरी झाली तर दोघंही घरी.

"वहिनी, टेन्शन कशाला घेता?" नवऱ्याचा एक जुना मित्र म्हणाला. हिंजवडीला आयटीत आहे, दाढी वाढवलेली, बोलायला मोकळा. "तुम्ही सोडून द्या ना मॅच. नियमात बसतं ते. भाऊला जाऊ द्या पुढं."

"घरातलं घरात," आणखी कोणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले.

मीही हसले. हसता हसता नवऱ्याकडे बघत होते. आता हा म्हणेल, का म्हणून सोडेल, खेळेल ती. एवढं एक वाक्य मला हवं होतं. त्यानं पिशवीतून आपला डेक काढला आणि एकेका कार्डाचं प्लॅस्टिकचं कव्हर नीट आहे का ते बघत बसला.

नवरा हा खेळ डिप्लोमाला असल्यापासून खेळतो. आम्ही चिखलीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, तो, मी आणि सासूबाई. मूळचे लातूरकडचे. तो चाकणला एका कंपनीत टूलरूमला आहे, साचे बनवतात तिथं, मी चाकणलाच दुसऱ्या कंपनीत, गाड्यांच्या वायरिंगच्या तपासणीला. माझी जनरल शिफ्ट आणि त्याची दर आठवड्याला बदलणारी. काही आठवडे असे जायचे की तो आत येताना मी बाहेर पडतेय आणि चपला घालता घालता जेवढं बोलणं होईल तेवढंच. रविवारची दुपार तेवढी दोघांची. त्या दुपारी तो टेबलावर कार्डं मांडून एकटाच दोन्ही बाजूंनी खेळायचा. खेळ आवडला म्हणून मी शिकले नाही. त्याच्या समोरची खुर्ची रिकामी होती म्हणून बसले.

त्यानं शिकवलंही मनापासून. कार्डांवरची इंग्रजी नावं लांबलचक, म्हणून आम्ही घरचीच नावं पाडली. त्याच्या डेकमधले बारके, चपळ, थव्यानं येणारे प्राणी म्हणजे डास. समोरच्याचा उरलासुरला जीव एका झटक्यात जाळणारं कार्ड म्हणजे काडी. तिला अडवता येत नाही. अंगावर आलेल्या मोठ्या प्राण्याला जागच्या जागी अडकवणारं कार्ड म्हणजे फास. ही सगळी त्याची. माझा डेक संथ. त्यात एक अवाढव्य प्राणी आहे, तो म्हसोबा. आणि एक कार्ड असं आहे की टाकलं की टेबलावरचं सगळं, माझं आणि समोरच्याचं, साफ. त्याला आम्ही वरवंटा म्हणतो.

सासूबाई टीव्हीचा आवाज कमी करून विचारायच्या, "काय खेळायलाव रे तुमी? जुगार तर न्हाई ना?"

"नाही गं आई," तो म्हणायचा, "डोक्याचा खेळ आहे."

पहिलं वर्षभर मी हरतच होते. मग अधूनमधून जिंकायला लागले. मग अधूनमधून हरायला लागले. हे शेवटचं आम्ही दोघांनीही कधी तोंडानं बोलून दाखवलं नाही. दुकानात मी त्याच्याबरोबर जायला लागले तेव्हा तिथं बाई मी एकटीच. सगळे वहिनी वहिनी करायचे, खुर्ची द्यायचे, आणि माझ्याशी हरले की म्हणायचे, "भाऊनं चांगलं तयार केलंय."

तर त्या दिवशी शेवटच्या राउंडच्या आधी थोडी सुट्टी होती. नियम बघायला एक जज होते, निगडीला कॉलेजात शिकवणारे, शांत आवाजाचे. ते म्हणाले, चहा घेऊन या, मग बसा. मी चहाला न जाता जिन्यात जाऊन उभी राहिले. खालून केक भाजल्याचा गोड वास येत होता. थोड्या वेळानं नवरा बाहेर आला.

"काय करायचं?" मी विचारलं.

"तुला काय वाटतं ते कर."

"सोडू का मी?"

"मी तसं म्हटलं का?"

"सोडू नको असंही म्हटलं नाहीस."

तो कठड्यावरून खाली बघत होता. रस्त्यावर कुणीतरी रिक्षा उलटी घालून वाट अडवून ठेवली होती. "मागच्या वर्षी कंपनीनं सुट्टी दिली नाही म्हणून माझी स्पर्धाच हुकली," तो म्हणाला. "या वेळी मी सुपरवायझरला आधीच सांगून ठेवलंय. बेंगळुरूचं. तो हो म्हणालाय."

"मीही टाकली असती सुट्टी."

त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "तू?"

त्यात कुचेष्टा नव्हती, हे मला तेव्हाही कळलं. त्याला खरोखरच आश्चर्य वाटलं होतं. आम्ही सकाळी एकाच गाडीवर बसून, एकाच स्पर्धेला, सारखीच फी भरून आलो होतो, आणि मी जिंकले तर मी बेंगळुरूला जाईन ही गोष्ट त्याच्या डोक्यातच आली नव्हती. वाईट याचं वाटलं की माझ्याही डोक्यात ती तेव्हाच, तोंडातून निघता निघता आली.

"चल, बोलावतायत," मी म्हटलं आणि आत गेले.

आम्हाला कोपऱ्यातलं टेबल मिळालं होतं. ज्यांच्या मॅचना आता काही अर्थ उरला नव्हता त्यांनी आपापली मॅच उरकली आणि आमच्या भोवती येऊन उभे राहिले. जजनं सगळ्यांना एक पाऊल मागं सरकवलं. "मध्ये कुणी बोलायचं नाही," ते म्हणाले. मग भिंतीवरचं घड्याळ सुरू केलं. पन्नास मिनिटं. तेवढ्यात तिन्ही डाव.

मी त्याचा डेक पिसला, त्यानं माझा. घरी आम्ही शेकडो वेळा असे बसलो असू, पण घरी तो चड्डी-बनियनवर असतो आणि मधून मधून कुकरची शिट्टी होते. इथं तो इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता आणि माझ्याकडे बघत नव्हता.

पहिल्या डावात त्यानं डास उतरवायला सुरुवात केली. एक, दोन, मग थवाच. माझा जीव भराभर उतरत होता. माझ्या हातात वरवंटा होता, पण मी तो दाबून ठेवला. घरी तो मला नेहमी ओरडायचा, घाई करतेस, दोन डासांवर वरवंटा घालतेस. म्हणून थांबले. त्याचे सगळे डास टेबलावर आल्यावर, हातात एकच कार्ड उरल्यावर, मी वरवंटा टाकला. टेबल मोकळं झालं. त्यानं ओठ आवळले. पुढं म्हसोबा आला आणि त्याला थांबवायला नवऱ्याकडे काहीच नव्हतं.

पहिला डाव मी जिंकले. स्वच्छ जिंकले. आणि मागून दाढीवाल्याचा आवाज आला, दबका, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा. "भाऊ सोडतोय बहुतेक."

"बायको आहे राव, काय करणार," दुसरा म्हणाला.

नवऱ्यानं ते ऐकलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी वाट बघितली की तो मागं वळून म्हणेल, सोडत नाहीये मी. त्यानं कार्डं गोळा केली आणि पिसायला घेतली.

दुसरा डाव लांबला. मी सावध, तोही सावध. माझ्याकडे म्हसोबा लवकर आला, पण तोवर त्याच्या डासांनी माझा जीव अगदी तळाला आणून ठेवला होता. इतका कमी की एक काडी पडली असती तर डाव संपला असता. मी त्याच्या हातांकडे बघत होते. त्याची एक सवय आहे, त्याला स्वतःलाही माहीत नसलेली. डाव संपवणारं कार्ड हातात आलं की तो ते सगळ्यात डावीकडे सरकवतो. घरी मी कितीतरी डाव या एका सवयीवर वाचवलेत.

त्यानं गठ्ठ्यातून कार्ड उचललं, बघितलं, आणि डावीकडे सरकवलं.

संपलं, म्हटलं. त्यानं एक बारका डास खाली ठेवला, उगीचच, आणि म्हणाला, "झालं. तू खेळ."

मला वाटलं, माझा अंदाज चुकला असेल. मी माझं कार्ड घेतलं, म्हसोबाला पुढं ढकललं, नवऱ्याचा जीव अर्ध्याच्या खाली आला. पुन्हा त्याची वेळ. डावीकडचं कार्ड तिथंच. त्याचा अंगठा त्याच्या कडेवरून एकदा फिरला. "झालं," तो पुन्हा म्हणाला. "खेळ."

आता माझ्यापुढं सगळं मोकळं होतं. म्हसोबा आणखी एकदा पुढं गेला की नवऱ्याचा जीव संपणार होता. दोन डाव माझे, मॅच माझी, पहिल्या चारांत मी. आणि मला कळून चुकलं की तो सोडतोय.

माझ्या अंगाचा असा तिळपापड याआधी क्वचितच झाला असेल. पहिला डाव मी मेहनतीनं जिंकले होते, आणि या एका डावानं तोही पुसला जाणार होता. उद्या हा कुणालाही सांगू शकला असता, सोडली मी तिच्यासाठी. आणि सांगायची गरजही नव्हती, मागं उभे असलेले सगळे आधीच तसं म्हणत होते.

मी म्हसोबाला हात लावला नाही.

"काडी टाक," मी हळूच म्हटलं.

"कुठली काडी?"

"डावीकडची."

त्याचे डोळे वर आले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. जज पुढं वाकले. "काही अडचण?"

"नाही," आम्ही दोघंही एकदम म्हणालो.

"मग खेळा. वेळ चाललाय."

मी हातातली कार्डं टेबलावर पालथी ठेवली. "झालं माझं," मी म्हटलं. "त्यांनी खेळावं."

"वहिनी, अटॅक!" दाढीवाल्याला राहवेना. "अटॅक करा ना, संपतंय सगळं!"

"एक शब्द नको," जज त्याच्यावर खेकसले. त्यांचा चढलेला आवाज मी तेवढाच ऐकला. मग माझ्याकडे वळून, "नक्की? काहीच करायचं नाही?"

"नक्की."

नवरा माझ्याकडे बघत राहिला. त्याचा जबडा हलत होता. मला वाटलं, आता हा उठून जाईल. मग त्यानं डावीकडचं कार्ड काढलं आणि टेबलावर आपटलं. काडीच होती. माझा जीव शून्य.

एक-एक.

तिसऱ्या डावासाठी पिसताना तो दातांत म्हणाला, "तुला काय सिद्ध करायचंय?"

"मला काहीच नाही. तू मला फुकट देत होतास. सगळ्यांसमोर."

"बरं," तो म्हणाला. "आता बघ."

मला राग नाही आला त्याचा. भीती मात्र वाटली, कारण आता हा खरा खेळणार होता. घड्याळात फार वेळ उरला नव्हता. माझा डेक संथ, त्याला रांगेला लागायलाच वेळ लागतो, आणि वेळेत संपलं नाही तर दोघंही घरी. नेहमी एकेका कार्डावर मी मिनिट मिनिट काढते. त्या डावात कार्ड उचलायचं आणि ठेवायचं, एवढंच. विचार हातांनाच करावा लागत होता.

तो भयंकर खेळला. एकही डास वाया घालवेना. वरवंट्याच्या भीतीनं थोडेच बाहेर काढायचा, बाकीचे हातात. मी एक मारला की एक हजर. आणि आता तो हातातली कार्डं धरतच नव्हता. उचलायचा, बघायचा, टेबलावर पालथी ठेवून वर तळवा ठेवायचा. डावीकडे काय, उजवीकडे काय, काही कळायची सोय नव्हती. मीच बोलून बसले होते. माझ्या हातातलं एकुलतं एक गुपित मी रागाच्या भरात त्याला देऊन टाकलं होतं.

"वेळ संपली," जज म्हणाले. "आता दोघांत मिळून पाच चाली. त्यात निकाल लागला तर लागला, नाहीतर बरोबरी."

एकेक करत तीन चाली गेल्या. आता माझी एक आणि मग त्याची शेवटची. माझा जीव जेमतेम होता. त्याच्या बाजूला दोन डास, माझ्या बाजूला म्हसोबा. त्याच्या तळव्याखाली दोन कार्डं. माझ्या हातात वरवंटा.

वरवंटा टाकला असता तर टेबल साफ झालं असतं. मी मेले नसते, तोही नसता. बरोबरी. दोघंही घरी. खरं सांगते, मला त्याचा मोह झाला. बरोबरी झाली असती तर कोण कुणाला हरलं हा प्रश्नच उरला नसता. गाडीवर बसून गेलो असतो, वाटेत काहीतरी खाल्लं असतं, दाढीवाल्याला शिव्या घातल्या असत्या. सोमवारी तो त्याच्या शिफ्टला, मी माझ्या. सगळं जिथल्या तिथं.

दुसरा रस्ता म्हणजे म्हसोबाला सोडायचं. म्हसोबाला अडवायला दोन डास पुरले नसते, नवऱ्याचा जीव संपला असता. पण त्या दोन कार्डांत फास असला तर म्हसोबा अडकणार, मला राखायला मागं कुणी नाही, आणि शेवटच्या चालीत डास मला संपवणार. त्याच्या डेकमध्ये फास किती आहेत ते मला पाठ होतं. या डावात अजून एकही निघाला नव्हता. म्हणजे असायची शक्यता भरपूर होती.

"वहिनी, ठरवावं लागेल," जज म्हणाले.

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. काही नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि त्या चेहऱ्यावर मला काहीसुद्धा वाचता आलं नाही. मी वरवंटा बाजूला ठेवला, म्हसोबावर बोट टेकवलं आणि पुढं सरकवला.

"अटॅक," म्हटलं.

त्यानं तळवा उचलला. दोन्ही कार्डं हातात घेतली, एक बघितलं, मग दुसरं, मग परत पहिलं. त्याला ती पाठच असणार, तरी बघत होता. कुणीतरी खुर्ची सरकवली तर बाकीच्यांनी त्याला शुक् केलं. माझ्या मानेवरून घाम ओघळत होता आणि पुसायला हात उचलायची हिंमत होत नव्हती.

"उत्तर आहे?" जजनं विचारलं.

त्यानं दोन्ही कार्डं उलटी करून, सरळ माझ्यापुढं ठेवली. नियमाप्रमाणं हरणाऱ्याला हातातलं दाखवायची काही गरज नसते. दोन्ही नुसती इंधनाची कार्डं होती, इतर कार्डांची किंमत चुकवायला लागतात तसली. त्या घडीला कशाच्याही कामाची नव्हती.

"बघ," तो म्हणाला. "काही नाही." मग मान वळवून, मागच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "हरलो मी. पूर्ण ताकदीनं खेळून हरलो."

त्यानं हात पुढं केला. मी तो धरला. आमच्या दोघांचे तळवे ओले होते. तो उठला, पिशवी उचलली आणि जिना उतरून गेला.

बाद फेरीत माझ्यासमोर आर्किटेक्चरला शिकणारी एक मुलगी आली. ती त्या दिवशी पहिल्यांदाच या दुकानात आली होती, मी सोडून दुसरी बाई. तिनं मला सरळ दोन डावांत हरवलं. अंगात काही उरलंच नव्हतं माझ्या. पुढं तीच स्पर्धा जिंकली आणि बेंगळुरूला गेली. मी जाताना दाढीवाला आडवा आला. "वहिनी, ते मघाशी मी बोललो ते..." म्हणाला. मी म्हटलं, "जाऊ द्या," आणि खाली आले.

नवरा गाडीवर बसून होता. हेल्मेट मांडीवर.

"काय झालं?"

"हरले."

"कशानं?"

मी सांगितलं. त्यानं विचारलं, तिच्याशी दुसऱ्या डावात वरवंटा होता का हातात. होता, म्हटलं. मग का नाही टाकलास? मी म्हटलं, डोकं चालत नव्हतं. त्यानं मान हलवली, गाडी सुरू केली. नाशिक फाट्यापर्यंत गर्दी, पुढं भोसरीतही गर्दी. मी त्याच्या पाठीला टेकून बसते नेहमी. त्या दिवशी मागची दांडी धरून बसले.

दार सासूबाईंनी उघडलं. "कोन जिंकलं?"

"कोणीच नाही," मी म्हटलं.

"ही जिंकली," तो आत जाता जाता म्हणाला. "माझ्याशी."

सासूबाईंनी आधी त्याच्या पाठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुज्या नवऱ्याला हरवलीस?"

"हो."

त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि ताट वाढायला गेल्या. जेवताना मला आधी वाढलं. मुद्दाम की चुकून, ते मी विचारलं नाही.

पुढचे काही रविवार टेबलावर कार्डं आली नाहीत. त्याचा डेक कपाटात, माझा माझ्या पर्समध्ये. भांडण असं नव्हतं. भाजी काय आणू, गॅस संपत आलाय, एवढं सगळं बोलणं होतं. पण रविवारी दुपारी तो झोपायचा, आणि तो दुपारी झोपणारा माणूस नाही. मी माफी मागायची का, हा विचार रोज यायचा आणि कशाबद्दल मागायची ते सापडायचं नाही.

मग त्याला दुसरी शिफ्ट लागली. शनिवारची दुपार होती, मला सुट्टी. मी त्याचा डबा भरत होते, तो ओट्याशी उभा राहून कांदा चिरत होता. कांदा कुणी मागितलाही नव्हता.

"दुसऱ्या डावात मी का सोडत होतो," तो म्हणाला, "तुला वाटलं असेल, तुझ्यासाठी."

मी पोळी गुंडाळायची थांबले.

"ते तसं नव्हतं. पहिला डाव मी नीट खेळून हरलो होतो. मला वाटलं, आता दुसराही हरणार. मग सोडून हरलेलं काय वाईट. निदान लोक म्हणतील, सोडली." त्यानं सुरी धुतली. "तू ती काडी टाकायला लावलीस ना, तेव्हा तुझा असा राग आला मला. अजूनही थोडा आहे."

"असू दे," मी म्हटलं.

"आणि जिन्यात मी ते 'तू' म्हणालो."

"हो."

"ते लागलं तुला."

"लागलं."

तो आणखी काही बोलेल म्हणून मी थांबले. त्याच्या बसची वेळ झाली होती. त्यानं डबा घेतला, बूट घातले, आणि दारातून म्हणाला, "उद्या आहे ना स्पर्धा? मला ओव्हरटाइम आहे. तू जाऊन ये."

"एकटी?"

"मग? बस जाते की."

मी गेले. बस बदलत, हातात पर्स घट्ट धरून. दुकानात शिरल्यावर दाढीवाल्यानं विचारलं, भाऊ नाही का आले? मी म्हटलं, त्याला ड्यूटी आहे, मी आलेय. नाव नोंदवलं, टेबलाशी बसले. पहिल्या राउंडला तशीच भीती वाटत होती. ती काही जात नाही, हे आता मला माहीत झालंय.

राउंड संपतोय तोच फोन वाजला. मागं कंपनीच्या कँटीनचा गलका, ताटांचे आवाज.

"काय झालं?" नवऱ्यानं ओरडून विचारलं.

"जिंकले."

"कुणाशी? काय होतं त्याच्याकडे?"

मी जिन्यात जाऊन त्याला पहिल्या कार्डापासून सांगायला लागले. तो मध्ये मध्ये "मग?" म्हणत होता. तिसऱ्या डावाच्या मध्यावर आलो असू, तेवढ्यात त्याच्याकडे भोंगा झाला. "थांब थांब," तो म्हणाला, "त्यानं डास काढले तेव्हा तू काय टाकलंस, तेवढं सांग."